फौजदारांची सोनेरी बटणं

मी आयुष्यभर बटणं विकली असं सांगितलं की समोरचा माणूस पुढचं ऐकायला थांबतो. त्याला वाटतं, बटणं आणि आणखी काहीतरी असणार. आणखी काही नव्हतं. बटणंच. तीही सोनेरी, आणि सोनेरीतलीसुद्धा जुनी, कुणाच्या तरी कोटावरून उतरलेली. आमचं सोलापूर म्हणजे चादरी, धोतरं आणि लुगड्यांचं गाव. या तिन्हींपैकी एकालाही बटण लागत नाही. अशा गावात बटणांचं दुकान टाकणाऱ्याला लोक काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं, कारण माझे सासरे ते मला तोंडावर म्हणायचे.

तरी दुकान चाललं. एकोणीसशे तीसच्या पुढचेमागचे ते दिवस. लग्नात नवऱ्याच्या अंगात बंद गळ्याचा कोट हवाच, अशी हौस तेव्हा नवीन आली होती, आणि कोटावर सोनेरी बटणं नसली तर नवरा कोण आणि नवऱ्याचा मुनीम कोण हे कळत नसे. खऱ्या सोन्याची बटणं घालणारी घरं पेठेत थोडी. बाकीच्यांसाठी मी होतो.

माल यायचा बोहारणींकडून. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका पेन्शनीत निघालेल्या साहेबांचे, वकिलांचे, संस्थानी कारभाऱ्यांचे कोट घेऊन यायच्या. कोट जुन्या बाजारात जायचा, बटणं माझ्याकडे राहायची. त्यातच चळवळीनं परदेशी कापडाच्या होळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटतं की त्यात माझा धंदा बसला असेल. उलट झालं. होळीच्या आदल्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसायची. कोट देशासाठी जाळायचा, पण बटणं आधी उतरवून मला विकायची. देशभक्तीला माझा आक्षेप नव्हता. फक्त घाईत ओढून काढताना बटणाची कडी वाकवू नका, एवढंच मी सांगायचो.

या धंद्यातलं कसब सांगायला फार वेळ लागत नाही. चांगलं सोनेरी बटण म्हणजे आत पितळ आणि वर सोन्याचा मुलामा. बटणाची पुढची बाजू कुणीही बघतो. मी आधी पाठ बघायचो, कारण पुढून सगळीच बटणं राजासारखी दिसतात. पाठीवर कारखान्याची अक्षरं असतात, त्यांच्या खाचांत सोनं शिल्लक असलं तर माल खरा. मग लोहचुंबक लावायचं. बटण चिकटलं तर आत लोखंडी पत्रा, ते परत करायचं. शेवटी अंगठ्यानं घासून अंगठ्याचा वास घ्यायचा. पितळ उघडं पडलं असेल तर अंगठ्याला पितळेचा वास येतो. सोन्याला वास नसतो. हा वास घेताना माझ्या बायकोनं मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला आपलं कसं होणार अशी काळजी लागली होती.

राखायचं म्हणाल तर त्याहून सोपं, पण लोक ऐकत नाहीत. घरची पितळी भांडी चिंचेनं नि राखेनं घासतात, तशी बटणंही घासतात. एका दसऱ्याला बटण लखलखतं आणि पुढच्या दसऱ्याला पिवळं पितळ वर येतं. मुलामा घासायचा नसतो, पुसायचा असतो. कोरड्या मलमलीनं पुसा. फारच मळलं असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलेला बोळा फिरवा आणि लगेच कोरडं करा. पाण्यात टाकून ठेवू नका. जुनं बटण दोन पत्र्यांचं असतं, आत पाणी शिरलं की ते आतून हिरवं पडतं. आणि धोब्याकडं कोट जाण्याआधी बटणं काढून घ्या. त्यासाठीच ती मागच्या बाजूनं छोट्या तारेच्या कडीत अडकवलेली असतात, शिवलेली नसतात.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. मंद्रूपचा एक शेतकरी दर बेंदराला यायचा. पहिल्या वर्षी मी त्याला साधारण माल दाखवला. तो म्हणाला, "ही नगंत. चांगली दावा. माणसाला न्हाय लावायची, बैलाच्या झुलीला लावायचीत." त्यानं निवडली तेवढी चांगली बटणं एकाही नवरदेवाच्या बापानं निवडली नाहीत.

पण मला सांगायची आहे ती जगताप फौजदारांची गोष्ट.

फौजदार पेन्शनीत निघाले होते. बायको कधीच वारली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी कुसुम. माणूस ताठ, मिशा त्याहून ताठ. एक दिवस ते दुकानात आले आणि मखमलीची पुरचुंडी माझ्यासमोर सोडली. त्यांच्या दरबारी कोटाची बटणं होती ती. मुकुटाचा छाप, कडेला वेलबुट्टी, आणि अशी राखलेली की मी अंगठा पुढं केला आणि मागं घेतला.

"कुसुमचं लग्न ठरलंय," ते म्हणाले. "जावयाच्या कोटाला ही लावायची. एक चेपलंय, त्याच्या जोडीचं शोधून द्या. नि सगळ्यांना नव्या कड्या."

सरकारी छापाची बटणं खाजगी कोटाला लावायची कायद्यानं मुभा आहे का, हे मी विचारलं नाही. ते फौजदार होते, मी बटणवाला. जोडीचं बटण मला एका बोहारणीच्या गाठोड्यात सापडलं. फौजदारांनी ते उन्हात धरून उलटंसुलटं केलं, बाकीच्यांशेजारी ठेवून बघितलं आणि पसंतीची मान हलवली. त्यांनी मान हलवली हे मी पुढं पुष्कळ दिवस लोकांना सांगत होतो.

कोट शिवायला टाकला होता माझ्या शेजारच्या इस्माईल मास्तरांकडं. आमच्या दोघांच्या दुकानांत एक लाकडी फळ्यांची भिंत होती, आणि त्या फळ्यांतून एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याला ऐकू यायचं. चारदोन दिवसांनी मला पलीकडून एक तावातावाचा आवाज ऐकू आला. थोड्या वेळानं तो आवाज माझ्याच दुकानात शिरला. नवरदेव होते. वसंतराव, जेऊरच्या शाळेत मास्तर. अंगभर खादी, पायांत साध्या वहाणा. शांत चेहऱ्याचा मुलगा, पण आत्ता कान लाल झाले होते.

"इस्माईल मास्तर म्हणाले सासऱ्यांनी बटणं दिलीत. बघू."

मी पुरचुंडी सोडली. त्यांनी बघितलं आणि हात मागं घेतला.

"कोट खादीचा आहे म्हणून मी हो म्हटलं. हे मुकुट छातीवर घेऊन मी उभा राहणार नाही. उद्या वर्गात पोरांना काय सांगू? तुम्ही करवंटीची लावा, कापडाची लावा. ही लावलीत तर मी पाटावर चढणार नाही."

ते गेले आणि संध्याकाळी फौजदार आले. त्यांच्या कानावर कुठून तरी गेलं होतंच. ते मोठ्यानं बोलले नाहीत. मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं.

"मी त्यांच्या खादीबद्दल एक शब्द बोललो नाही," ते म्हणाले. "माझ्या नोकरीत मी खादीवाल्यांना काय काय केलंय ते त्यांना माहीत आहे, तरी त्यांनी माझी मुलगी केली. ते मी मानतो. पण माझ्याकडं द्यायला एवढंच आहे. बटणं नाहीत तर लग्नही नाही."

ते गेल्यावर फळीपलीकडून इस्माईल मास्तर म्हणाले, "शेठ, मेरे कोट पे झगडा नक्को. काज करून ठेवलेत मी. आता काय घालायचं ते तुमी बघा."

मी बघत बसलो. बटणांच्या धंद्यात कुणाचं लग्न मोडू शकतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुम आली. सोबत आत्या होती. आत्या बाहेरच्या बाकावर भाजक्या शेंगा सोलत बसली आणि कुसुम आत आली. बारीक चणीची, वडिलांसारखीच सरळ बघणारी.

"काका, कापडाची बटणं कशी करतात?"

"आत चकती असते, वर कापड चढवतात."

"चकती कसली?"

"काहीही चालतं. लाकूड, पत्रा, पुठ्ठा."

"पितळ?"

मी तिच्याकडं बघितलं. फळीपलीकडं शिवणयंत्र थांबलं.

"तात्यांची बटणं आत घाला," ती म्हणाली. "वर खादी. तात्यांची बटणं लागली, यांची खादी लागली. मला यांच्याशीच लग्न करायचंय, नि तात्यांनी लावून दिलं तरच करायचंय. दुसरं काही मला सुचत नाही."

"छोरी का भेजा वकील का है," मास्तर भिंतीपलीकडून म्हणाले.

माझा जीव मात्र दुसरीकडं अडकला होता. मी म्हणालो, "बाळ, खादी घाम पिते. वैशाखातलं लग्न. आत मुलामा हिरवा पडेल. इतकी वर्षं राखलेला माल आहे."

"मग त्यावर तुम्ही काहीतरी करा. तुमचा धंदा आहे."

हे तिनं उद्धटपणानं म्हटलं नाही, पण मला झोंबलं. मी मेणकागद काढला, बटणाएवढे गोल कापले आणि प्रत्येक बटण आधी त्यात गुंडाळलं. डिंक लावायचा नाही, डिंकात ओल असते. वरून खादीचा गोल, कडेनं धावदोरा, आणि दोरा ओढून मागं कडीपाशी गाठ. शिवायला कुसुमच बसली. कोटातूनच उरलेली खादी मास्तरांनी फळीच्या फटीतून सरकवली. आत्याच्या शेंगा संपेपर्यंत काम झालं. शेवटचं बटण झाकलं गेलं तेव्हा मला चांगल्या माणसाला घोंगडी पांघरल्यासारखं वाटलं.

फौजदारांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तुमची बटणं कोटाला लागली. वसंतरावांनी विचारलं तेव्हा सांगितलं, कोटाला खादीची बटणं लावली. त्या आठवड्यात मी एकही शब्द खोटा बोललो नाही, आणि तरी जेवण गोड लागत नव्हतं.

लग्नाला मला बोलावणं होतं. फौजदारांच्या अंगणात मांडव होता, दुपारचा मुहूर्त आणि सोलापूरचं ऊन. मी पंगतीच्या बाजूला, निसटायला सोपं जाईल असा उभा राहिलो. नवरदेव पाटावर उभे राहिले, भटजींनी अंतरपाट धरवला, पलीकडं मामानं कुसुमला आणून उभं केलं. फौजदार जावयाच्या जवळ गेले, आणि त्यांची नजर कोटावर पडली.

"थांबा," ते म्हणाले.

सनईवाल्यानं ते आपल्यालाच म्हटलं असं समजून सनई खाली घेतली.

"बटणवाले, इकडं या. माझी बटणं कुठं आहेत?"

मी निघालो. मी तिथवर पोचण्याआधीच अंतरपाटाच्या मागून आवाज आला.

"तात्या, बटणं तिथंच आहेत. खादीच्या आत. मी शिवलीत."

आता नवरीनं अंतरपाटामागून बोलायचं नसतं. भटजी काहीतरी म्हणणार होते, पण सगळा मांडव नवरदेवाच्या छातीकडं बघत होता, म्हणून तेही बघू लागले. वसंतराव स्वतः बघत होते. त्यांनी दोन बोटांत एक बटण धरून दाबलं. कापडाखाली मुकुटाचा उठाव लागला असणार. त्यांचा चेहरा उतरला.

"मला फसवलंत," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मी हा कोट काढतो." आणि त्यांनी गळ्याचं बटण सोडलं.

त्यांच्या शेजारी त्यांचे वडील उभे होते. जेऊरचे शेतकरी, पांढऱ्या मिशा, नवं करकरीत धोतर. त्यांनी मुलाचं मनगट धरलं आणि कानात सांगितलं. पण आयुष्य शेतात गेलेल्या माणसाचं कानात सांगणं दोन शेतं पलीकडं जातं.

"काढू नगंस. आत बंडी फाटकी हाय."

"नवी आणली होती की," वसंतराव म्हणाले.

"ती म्या घातलीया."

मांडवात पहिल्यांदा हसलं कोण हे सांगता येणार नाही, पण मला ऐकू आलं ते अंतरपाटामागचं हसू. दाबून दाबून ठेवलेलं आणि मग सुटलेलं. वसंतरावांनी ते ऐकलं. त्यांचा हात कोटावर होता तिथंच राहिला आणि तेही हसायला लागले. घामानं डबडबलेले, गळा उघडा, आणि हसत होते.

फौजदार हसले नाहीत. ते अंतरपाटाकडं बघत होते. मुलीचं असं मोकळं हसणं त्यांनी कितीशा वेळा ऐकलं असेल, मला माहीत नाही. मग त्यांनी पुढं होऊन जावयाच्या गळ्याचं बटण आपल्या हातानं लावलं.

"चालू द्या भटजी," ते म्हणाले.

लग्न लागलं. मी जेवलो. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

काही दिवसांनी फौजदार दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. आता बोलणी खायची वेळ आली, असं मी समजलो. त्यांनी विचारलं, "आत काय घातलंत?"

"मेणकागद. डिंक नाही."

"हं," म्हणाले, आणि बसले. मग माझ्या ताटलीतलं एक बटण उचलून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. पुसता पुसता, बटणाकडंच बघत, सांगू लागले. बायको गेली तेव्हा कुसुम लहान होती. मुलीशी काय बोलायचं हे त्यांना कळत नसे. दर रविवारी सकाळी ते कोटाची बटणं काढून बसायचे आणि तिला एक कापड द्यायचे. हात चालू असला की तोंडही चालायचं. शाळेतलं, शेजारचं, तिच्या आईचं, सगळं बोलणं त्या बटणांवर व्हायचं.

"जावयाला दिली ती काही मुकुटाची हौस म्हणून नाही," ते म्हणाले. "तिकडं तिला बोलायला काहीतरी असावं, म्हणून. पण हे त्या शाळामास्तरांना कसं सांगायचं?"

मी त्यांना मलमल दिली.

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. माझा सगळा माल त्यांनी पुसून लख्ख केला, आणि अर्धी गिऱ्हाइकं पळवून लावली. कुणी बटणं मागितली की आधी चौकशी. घरी धुणं कोण धुतं? धोबी? मग तुम्हाला ही बटणं मिळणार नाहीत. एका बँडवाल्याला त्यांनी असं फैलावर घेतलं की तो बिचारा न केलेल्या चोऱ्याही कबूल करायच्या बेतात आला होता. मी त्यांना कधी अडवलं नाही. तसा माल विकत घेणारे आज उरले नाहीत, विकणारा मीही उरलो नाही. हल्ली सदऱ्याचं बटण तुटलं तर लोक सदराच बदलतात. पण तेव्हा विकलेलं एखादं बटण कुठं कुजत असेल असं मनात येतं, तेव्हा वाटतं, फौजदारांनी आणखी थोडी गिऱ्हाइकं पळवायला हवी होती.

श्रावणात पंचमीला कुसुम माहेरी आली. घरी वडील नाहीत म्हणून थेट दुकानात. फौजदार आत मांडी घालून बसले होते, मांडीवर बँडवाल्याचीच बटणं, कारण तो शेवटी धोबी बंद करून परत आला होता. कुसुम शेजारी बसली आणि तिनं एक कापड घेतलं. मी ताटलीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

बरीच बटणं पुसून झाल्यावर फौजदारांनी विचारलं, "कोट कुठाय?"

"घरी. पेटीत."

"बटणं बघितलीस का, कशी आहेत?"

"हे मला हात लावू देत नाहीत," कुसुम म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, आपण कशी बटणं पुसायचो ते. तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. मग एक दिवस बघते तर कोट घेऊन ओट्यावर बसलेले. खादी उसवली, बटणं पुसली, नि परत खादी शिवून टाकली. आता मधूनमधून तसंच करतात. मी समोर बसते. ते शिवतात, मी बोलते."

फौजदारांचा हात थांबला होता. त्यांनी बटण उजेडाकडं धरलं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं तरी बराच वेळ बघितलं.

"शिवण कशी आहे त्यांची?"

"लई वाकडी."

"ये म्हणावं एकदा," फौजदार म्हणाले. "दाखवतो."

वसंतराव आले. दोघं समोरासमोर बसले, मध्ये कोट, आणि सासऱ्यानं जावयाला धावदोरा घालायला शिकवला. त्या दिवशी दुकानात मला बसायला जागा उरली नव्हती, म्हणून मी पायरीवर बसून गिऱ्हाईक केलं.